वाफ, झडप आणि असंतोष

इंग्रजी भाषेत मनावरच्या आणि समाजावरच्या ताणाविषयी बोलताना जे वाक्प्रचार योजले जातात, त्यांतील एक मोठे कुटुंब बाष्पयंत्राच्या बॉयलरमध्ये जन्मास आले आहे. राग गिळून बसलेला मनुष्य चार शब्द बोलून मोकळा झाला की त्याने 'लेट ऑफ स्टीम' केले, म्हणजे वाफ सोडली, असे इंग्रज म्हणतो. अमेरिकन मनुष्य त्याच अर्थी 'ब्लो ऑफ स्टीम' म्हणतो. आणि ज्या रूढीमुळे, सोयीमुळे वा संस्थेमुळे ही वाफ निरुपद्रवीपणे निघून जाते, तिला दोघेही 'सेफ्टी व्हॉल्व्ह' हे नाव देतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रशाळेतून लोकव्यवहारात उतरलेला हा शब्दप्रयोग पुढे मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास आणि न्यायविचार अशा निरनिराळ्या प्रांतांत सिद्धान्ताच्या योग्यतेस चढला आणि आपल्या देशाच्या राजकीय इतिहासातील एका दीर्घ वादाचे तर तो मूळच होऊन बसला. एखादी उपमा इतक्या दूरवर संचार करते, तेव्हा ती कोठवर खरी आहे आणि कोठून पुढे दिशाभूल करू लागते, याचा विचार व्हावयास हवा; आणि तो करावयाचा तर आधी मूळ यंत्राची हकीकत नीट पाहिली पाहिजे.

फ्रान्समधील ब्ल्वा या गावी १६४७ साली जन्मलेला आणि प्रोटेस्टंट पंथाचा असल्यामुळे पुढे स्वदेशास मुकलेला दनी पापँ हा शास्त्रज्ञ लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल याच्या हाताखाली काम करीत असे. १६७९ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचे भांडे मांडले, ज्यात कोंडलेल्या वाफेने जनावरांची कठीण हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून त्याने झाकणास एक छिद्र ठेवले, छिद्रावर झडप बसविली आणि ती झडप दाबून धरणाऱ्या तरफेच्या टोकास वजन अडकविले. आतील दाब त्या वजनास भारी झाला की झडप उचलली जाई आणि वाफ बाहेर पडे. १६८२ च्या एप्रिलात सोसायटीच्या सभासदांना या भांड्यात शिजविलेले भोजन देण्यात आले, त्याची नोंद जॉन ईव्हलिनच्या रोजनिशीत आहे. आपल्या घरोघरचा प्रेशर कुकर हा या भांड्याचा सरळ वंशज असून त्याची शिट्टी म्हणजे पापँची वजनाची झडपच होय. ही शिट्टी सगळी वाफ घालवून देण्यासाठी नसते. दाब एका ठरावीक पातळीवर टिकून राहावा, पाणी शंभर अंशांच्या वर तापावे आणि डाळ शिजावी, यासाठी ती असते. जी वाफ शिट्टीवाटे निसटते ती काहीच शिजवीत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनात आपल्याला पुन्हा लागणार आहे.

जेम्स वॉटला उच्च दाबाच्या वाफेचे भय वाटे आणि तिच्या वापरास त्याचा कायम विरोध राहिला. हा भयाचा उंबरठा ओलांडला तो कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने. परंतु १८०३ च्या सप्टेंबरात ग्रिनिच येथे त्याचे एक बॉयलर फुटून चार माणसे दगावली. यंत्र सांभाळणाऱ्यांनी झडप मोकळी ठेवली नव्हती. त्यानंतर ट्रेव्हिथिकने एकाऐवजी दोन झडपा बसविण्यास सुरुवात केली, आणि पाणी आटून भांडे तापल्यास वितळून जाणारी शिशाची गुडदीही बॉयलरला जोडली. पण या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात घडला. तेथील 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' या रेल्वे-इंजिनाची झडप थांब्यावर सारखी फुसफुसत होती. तो आवाज असह्य होऊन आगवाल्याने ती झडप दाबून बंद केली, आणि १७ जून १८३१ रोजी बॉयलरचा स्फोट होऊन त्यातच त्याचा अंत झाला. त्या बिचाऱ्याला वाफेचा उपद्रव होत नव्हता, उपद्रव होत होता तो आवाजाचा. आणि तो आवाज म्हणजे भट्टी मंद करावी अशी यंत्राने दिलेली इत्तला होती. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशी जोडझडप तयार केली की चालकाने तरफेवर कितीही जोर दिला तरी तिच्यावरचा भार वाढू नये. यंत्रविद्येने येथे एक सूज्ञ निर्णय घेतला होता: सुरक्षिततेची किल्ली ज्याला आवाजाचा त्रास होतो त्याच्या हाती ठेवावयाची नाही. पुढे देशोदेशी बॉयलरच्या तपासणीचे कायदे झाले. आपल्याकडे सबंध देशास लागू असा कायदा १९२३ साली आला.

आता वाक्प्रचाराकडे वळू. इंग्रजीत तो बहुधा क्षमेच्या सुरात वापरला जातो. वर्गात तासन् तास बसलेली मुले मैदानावर आरडाओरड करू लागली, आठवडाभर राबलेले कामगार शनिवारी रात्री गाऊ-नाचू लागले, की शेजारी म्हणतात, वाफ सोडू द्या त्यांना. येथे शब्द योग्य आहे आणि त्यामागची सहिष्णुताही खरी आहे. रागाच्या बाबतीत मात्र तोच शब्द वेगळे काम करतो. एखाद्या कारकुनाने साहेबाच्या कारभाराविषयी तिखट बोलावे आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्यास सांगावे की मनावर घेऊ नका, तो नुसती वाफ सोडीत होता, तेव्हा बोलणाऱ्याचे रक्षण होते खरे, पण त्याच क्षणी त्याच्या बोलण्यातील आशय काढून घेतला जातो. तो काय म्हणाला याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. त्याला आता बरे वाटते की नाही, एवढेच पाहावयाचे राहते. मराठीत 'तोंडाची वाफ दवडणे' म्हणताना बोलणे फुकट गेल्याची खंत असते. इंग्रजी प्रयोगात बोलणे फुकट जाणे हाच त्याचा उपयोग मानला आहे. ही उपमा असंतोष किती आहे एवढेच विचारते, तो कशाबद्दल आहे हे विचारीत नाही. आणि माझ्या मते तिच्या पुढील सर्व प्रवासातील गुणदोषांचे मूळ येथेच आहे.

मानसशास्त्राने ही उपमा फार मनापासून स्वीकारली. ॲरिस्टॉटलने शोकान्तिकेच्या संदर्भात योजलेल्या 'कॅथार्सिस' या पदाचा याकोब बेर्नाइस या पंडिताने १८५७ साली वैद्यकीय विरेचन असा अर्थ लावला. हा बेर्नाइस पुढे फ्रॉइडच्या पत्नीचा चुलता ठरला. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोंडलेली भावना बोलण्यावाटे बाहेर पडली की लक्षणे नाहीशी होतात, असे प्रतिपादन होते. त्या काळचे शरीरशास्त्र ऊर्जेच्या परिभाषेत विचार करीत असे, त्यामुळे मन म्हणजे दाब साठविणारे पात्र ही कल्पना विद्वानांना सहज पटली. विसाव्या शतकात कोन्राड लॉरेन्झने प्राण्यांच्या आक्रमकतेसाठीही साठणाऱ्या द्रवाचेच चित्र रेखाटले. यातून लोकांत जो समज पसरला तो असा की राग आला असता उशी बदडावी, ओरडावे, भांडी फोडावीत. म्हणजे तो उतरतो. अलीकडे काही शहरांत भाड्याने खोली घेऊन काचसामान फोडण्याची सोय झाली आहे, तीही याच समजुतीवर उभी आहे.

प्रयोगांनी या समजुतीला आधार दिलेला नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडविण्यात आले. मग काहींना, ज्याने चिडविले त्याचे स्मरण करीत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारावयास सांगितले, काहींना व्यायामाचा विचार करीत तेच करावयास लावले, आणि काहींना नुसते स्वस्थ बसू दिले. ज्यांनी अपराध्याची मूर्ती डोळ्यांपुढे आणून ठोसे मारले ते सर्वांत अधिक रागावलेले राहिले, आणि स्वस्थ बसलेल्यांची आक्रमकता सर्वांत कमी आढळली. २०२४ साली बुशमन आणि सोफी क्येर्विक यांनी १५४ अभ्यासांचे एकत्रित परिशीलन केले. श्वसन, ध्यान अशा शरीराचा क्षोभ उतरविणाऱ्या उपायांनी राग कमी होतो, पण धावण्यासारख्या क्षोभ वाढविणाऱ्या क्रियांनी तो सर्वसाधारणपणे कमी होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बॉयलरच्या भाषेत सांगावयाचे तर उपाय झडपेत नसून भट्टीत आहे.

याचा अर्थ दुःख बोलून दाखवू नये असा मात्र मुळीच नाही. जेम्स पेनबेकर याने १९८६ साली केलेला प्रयोग या दृष्टीने मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्याने विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील दारुण प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले. घडलेली हकीकत आणि तीमुळे उसळलेली भावना या दोहोंविषयी ज्यांनी लिहिले, त्यांना लिहून झाल्यावर लगेच हलके वाटले नाही. उलट त्यांचे मन अधिक खिन्न झाले. परंतु पुढील सहा महिन्यांत दवाखान्यात जाण्याचे प्रसंग त्यांच्यावर तुलनेने कमी आले. दाब निघून जाण्याने गुण आला असता तर तो तत्काळ दिसावयास हवा होता. मनुष्य आपल्या दुःखाची कथा लावतो, कारण आणि कार्य जुळवितो, काय घडले हे स्वतःस समजावून देतो, आणि या अर्थ लावण्याने त्याला बळ येते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. आपल्या आया-बहिणी जात्यावर बसून जे गात आल्या त्याचेही मर्म माझ्या मते हेच असावे. त्या नुसता ताण घालवीत नव्हत्या, आपले आयुष्य शब्दांत मांडीत होत्या.

समाजाच्या बाबतीत ही कल्पना बाष्पयंत्राहूनही जुनी आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये वर्षातून एकदा कनिष्ठ धर्माधिकारी वरिष्ठांचे सोंग घेऊन चर्चमध्ये धुडगूस घालीत, त्याला मूर्खांचा उत्सव म्हणत. पॅरिस विद्यापीठाच्या धर्मशास्त्र-विभागाने १४४४-४५ च्या सुमारास त्याचा निषेध करणारे जे पत्र काढले त्यात या उत्सवाच्या समर्थकांचा युक्तिवाद नमूद आहे, तो असा की मद्याची पिंपे अधूनमधून उघडून हवा दिली नाही तर फुटतात. विसाव्या शतकात मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील झुलू व स्वाझी लोकांच्या विधींवरून हाच विचार शास्त्रीय रूपात मांडला. मात्र जेथे मूळ समाजरचनेविषयी कोणाच्याच मनात शंका नसते तेथेच असे विधी निर्धोक ठरतात, ही मर्यादा त्याने स्वतःच घातली होती. ती मर्यादा संपली की काय होते हे फ्रान्समधील रोमाँ या गावाने १५८० च्या कार्निव्हलमध्ये पाहिले. करांच्या जाचाने चिडलेल्या कारागिरांची सोंगे आणि नाच म्हणजेच त्यांच्या मागण्या झाल्या, आणि धनिकांनी उत्सवातच त्यांच्या पुढाऱ्यास ठार करविले.

आपल्याकडे या संदर्भात शिमग्याचे नाव येणे अपरिहार्य आहे. एरवी ज्याच्यापुढे मान वर करता येत नाही त्याच्या नावानेही बोंब ठोकण्याची मुभा त्या दिवसांत असते, आणि कोकणातील शिमग्याला तर गावाच्या वर्षातील सर्वांत मोठ्या सणाचे स्थान आहे. परंतु कोकणातील कुळांच्या मानेवरील खोतीचे जू शिमग्याच्या बोंबेने सैल झाले नाही. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी जमिनी कसण्याचेच बंद केले आणि उपासमार सोसून तो संप वर्षानुवर्षे चालविला. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. आणि १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. चरीच्या कुळांनी राग बाहेर फेकला नव्हता. त्यांनी तो सांभाळला, एका मागणीस जुंपला आणि वर्षे लोटली तरी थंड होऊ दिला नाही. वाफेने गाडा हलतो तो ती कोंडलेली असताना, ही साधी गोष्ट सुरक्षा-झडपेचे सिद्धान्त सांगणारे विसरतात.

अमेरिकेत पश्चिमेकडील मोकळी जमीन ही पूर्वेकडील कामगारांच्या असंतोषाची झडप होती, असा एक सिद्धान्त फ्रेडरिक जॅक्सन टर्नरच्या १८९३ मधील प्रसिद्ध निबंधानंतर दीर्घकाळ मान्यता पावला होता. फ्रेड शॅनन या इतिहासकाराने १९४५ साली त्याचे शवविच्छेदन केले आणि लोकांचा ओघ शहरांकडून शेतांकडे नसून शेतांकडून शहरांकडे होता हे दाखवून दिले. त्या वादात येथे अधिक शिरण्याचे कारण नाही.

न्यायालयांतही ही उपमा आदराने वावरते. पुणे पोलिसांनी भीमा-कोरेगाव प्रकरणी पाच कार्यकर्त्यांना अटक केली, त्याविरुद्धच्या अर्जाची सुनावणी ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाली, तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मतभेद ही लोकशाहीची सुरक्षा-झडप आहे, ती नसेल तर प्रेशर कुकर फुटेल, अशा आशयाचे उद्गार काढले. पुढील महिन्यातील निकालात बहुमत विरुद्ध गेले आणि त्यांचे स्वतःचे मत मतभेदाचे ठरले. त्या उद्गारामागील कळकळ निर्विवाद आहे आणि तिचा मला आदर वाटतो. तरीही मतस्वातंत्र्याचा हा पाया मला पुरेसा वाटत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली त्या स्वातंत्र्याचे समर्थन केले ते विरोधकाचे मत खरे असू शकते या आधारावर, न बोलल्यास तो दंगा करील या आधारावर नव्हे. मतभेद केवळ झडप असेल, तर ज्या अल्पसंख्य, दुबळ्या माणसाच्या रागाने काहीच फुटण्याजोगे नाही त्याला बोलू देण्याचे प्रयोजनच उरत नाही. शिवाय ज्याची झडप त्यानेच ती किती उघडावी हे ठरवावयाचे, असाही अर्थ तीतून निघतो.

हा मालकीचा प्रश्न काँग्रेसच्या जन्मकथेत सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो. १८८५ च्या डिसेंबरात पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. तेथे कॉलऱ्याची साथ आल्यामुळे ते मुंबईस गोवालिया टँकजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलविण्यात आले, आणि २८ तारखेस व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली ७२ प्रतिनिधी तेथे जमले. या सभेचे सूत्रधार ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे निवृत्त सनदी अधिकारी होते. विल्यम वेडरबर्न यांनी १९१३ साली त्यांचे चरित्र लिहिले, त्यात इंग्रजांच्याच कृतीने निर्माण झालेल्या प्रचंड शक्तींना वाट करून देणारी सुरक्षा-झडप हवी होती, हा ह्यूम यांचा विचार नमूद झाला. लाला लजपतराय यांनी १९१६ साली 'यंग इंडिया'त मवाळांविरुद्ध तोच धागा उचलला; १९४० मध्ये रजनी पाम दत्त यांनी त्याला साम्राज्यशाहीच्या कारस्थानाचे रूप दिले; आणि बिपन चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या ग्रंथात असंतोषाच्या ज्या गुप्त अहवालांच्या सात खंडांवर ही कथा उभी होती, ते सरकारी दप्तरातील नसून ह्यूम यांच्या थिऑसॉफीच्या श्रद्धेतील गुरू-शिष्यांकडून आलेले होते, हे दाखवून ती निकालात काढली. बिपन चंद्रांचे उत्तर मोठे मार्मिक आहे: ह्यूम यांना काँग्रेस झडप म्हणून हवी असेल, तर काँग्रेसच्या पुढाऱ्यांना ह्यूम वीजवाहक म्हणून हवे होते. गोखल्यांनीही १९१३ मध्ये सांगितले होते की कोणा हिंदी माणसाने अशी चळवळ आरंभिली असती तर अधिकाऱ्यांनी ती वाढूच दिली नसती. झडप बसविणाऱ्याचा हेतू आणि तीतून बोलणाऱ्याचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या वादातून निष्पन्न होते. स्थापनेनंतर तीन वर्षांतच व्हाइसरॉय डफरिन यांनी काँग्रेसची सूक्ष्म अल्पसंख्य म्हणून संभावना केली. आवाज ऐकू येऊ लागताच तो नकोसा झाला होता.

ज्या स्फोटाच्या भयाने ही उपमा योजली गेली त्याचा एक दाखला वेडरबर्न यांनी महाराष्ट्रातूनच घेतला होता, तो म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांचे दंगे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सरकारने शेतसारा वाढविला होता, आणि सावकारांच्या फिर्यादींवरून कुळांच्या जमिनींवर जप्त्या येत होत्या. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी दंग्यास तोंड लागले आणि ते पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. पण चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनला काय आढळले? लोकांचा रोख कर्जखते आणि कोर्टाचे हुकूमनामे यांवर होता. जेथे सावकाराने ते दस्तऐवज मुकाट्याने हवाली केले तेथे त्याच्या जिवास बहुधा धक्का लागला नाही. कागद मात्र जाळण्यात आले. वाफेचा स्फोट होतो तेव्हा ती दप्तर निवडून फोडीत नाही. सुप्याच्या कुळांना, बहुतेकांना अक्षरओळख नसताना, आपले दुःख नेमके कोणत्या कागदात आहे हे ठाऊक होते.

सरकारला या दंग्याचे जे उत्तर अखेर द्यावे लागले ते झडपेचे नव्हतेच. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशास कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, खेड्यातील दस्तऐवजांच्या नोंदणीची तजवीज केली आणि देण्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद केले. त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे गावोगाव फिरून दप्तरे तपासली. आणि ज्यांनी ह्यूम यांची झडप जगापुढे मांडली त्याच वेडरबर्न यांनी, मुंबई इलाख्यात न्यायाधीश असताना, १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना आखली होती. कुळांचे जुने कर्ज फेडून त्यांना माफक व्याजाने पैसा मिळावा असा तिचा उद्देश होता. हिंदुस्थान सरकारने तीस अनुकूलता दर्शविली. लंडनच्या इंडिया ऑफिसने ती नामंजूर केली.